धुतलेली अंजिरं

फळकोठीवर माझी नेमणूक झाली तेव्हा फळांतलं मला एवढंच कळत होतं, की ती खायची असतात. माझं मोडी अक्षर वळणदार होतं आणि वडील त्याच वाड्याच्या दफ्तरात कारकुनी करता करता वारले होते. म्हणून सरदारांच्या कारभाऱ्यांनी मला ठेवून घेतलं आणि जी जागा रिकामी होती तिथे बसवलं. वय वीस-एकवीस. लग्नाला दोन वर्षं झालेली. सरदार दसऱ्याला मोहिमेवर निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचे. त्यामुळे पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या त्या वाड्यात राज्य होतं बाईसाहेबांचं, आणि बाईसाहेबांच्या नावानं कारभाऱ्यांचं.

कात्रजच्या तलावाखाली सरदारांची अंजिरांची बाग होती. एक माळ्याचं कुटुंब तीन पिढ्या ती राखत होतं. माळी दम्यानं खाटेला खिळलेला, म्हणून बाग बघायची ती त्याची बायको. मी पाहिलं तेव्हा ती पन्नाशीची असेल. उजाडता उजाडता फळ तोडून, ऊन चढायच्या आत ती वाड्याच्या मागल्या दिंडी-दरवाजाशी हजर व्हायची. डोक्यावर उथळ, पसरट पाटी आणि तिच्यावर अंजिराची हिरवी पानं.

पहिल्या दिवशी मी पाटी घेतली आणि कोठीतल्या घंगाळात उपडी केली. बाई किंचाळलीच.

"अवं, दगडं हायेत का काय ती?"

मी चपापलो. तिनं पुढे होऊन घंगाळातून एकेक अंजीर बाहेर काढलं. दोन बोटांत, देठाकडून. फुटलेली निराळी ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, आंबा टोपलीत ओतला तर सोसतो. ह्याला साल न्हाई, नुसता पदर हाय. एकाच्या उरावर दुसरं बसलं की खालचं गेलंच समजा."

मला तिचा रागच आला होता. कोठीवर मी होतो, ती नव्हे. पण संध्याकाळपर्यंत घंगाळात खाली दबून फुटलेल्या त्या फळांना पाणी सुटलं आणि त्यांवर चिलटं घोंघावू लागली. तिनं वेचून सुपात पसरलेली मात्र जशीच्या तशी होती. दुसऱ्या खेपेला मी पाटीला हात लावला नाही. "तुम्हीच सांगा कुठे ठेवायची," म्हणालो.

तिनं मग अनवाणी सगळा मागचा चौक पालथा घातला. कुठे काय आहे ते ती बघत नव्हती, पावलांनी चाचपत होती. आबदारखान्यामागे उत्तरेची एक अरुंद पडवी होती. पिण्याच्या पाण्याचे रांजण तिथे ओल्या वाळूत पुरलेले असत आणि भिंतीत दगडी जाळी होती. तिथे येऊन ती थांबली. "हितं पायाला गार लागतंय आन् वारंबी हाय. हितं ठेवा."

पुढचे दोन हंगाम मी तिच्याकडून शिकत गेलो. शिकवणं म्हणजे बोलणी खाणंच होतं. फळ दाबून बघितलं की ओरडायची, "बोट लावू नगा, उद्या तितंच काळं पडतंय." एकाला बुरा आला की शेजारची चारही उचलायला लावायची. पिकलेल्या केळांचा घड पडवीत टांगलेला दिसला तर आधी तो हलवून मग पाटी टेकायची. आणि पाणी! पाण्याचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. "खायच्या वक्ताला धुवा. आदी धुतलं तर त्ये फळ न्हाई, चिखल."

मला ते सगळं खरं वाटेना, म्हणून एकदा मी पारख केली. एकाच झाडाची, एकाच दिवशी तोडलेली सहा अंजिरं घेतली. दोन पडवीत सुपात ठेवली, दोन झाकणाच्या डब्यात, आणि दोन धुऊन तशीच ओली वाटीत. दुसऱ्या दिवशी वाटीतल्यांची साल ठिकठिकाणी सुटली होती आणि देठाशी पांढरी लव धरली होती. डबा उघडला तर आंबूस वाफ नाकात शिरली. सुपातली दोन मी तिसऱ्या दिवशी खाल्ली. मध होता नुसता. तिला सांगितलं तेव्हा ती खूश वगैरे झाली नाही. "सा अंजिरं नासलीत म्हना की," एवढंच म्हणाली.

"चारच नासली," मी म्हटलं.

"खाल्ली ती दोन बी तुमची न्हवती." आणि मग हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते.

त्या वर्षी माझ्या बायकोला दिवस गेले. तिला अन्न बघवत नसे. हे माळिणीला मी बोलता बोलता सांगितलं असेन. तेव्हापासून दर खेपेला पाटीखाली पानात गुंडाळलेली दोन अंजिरं निराळी निघू लागली. "ही वाड्याची न्हवंत, आमच्या परसातल्या झाडाची हायेत. सूनबाईला द्या." माझी बायको ती जिभेवर ठेवून डोळे मिटून खायची. त्या दिवसांत तिच्या पोटात टिकलं ते तेवढंच. त्या बाईंना एकदा घरी आणा, असं ती मला कितीदा तरी म्हणाली. मी आणलं नाही. राहून गेलं म्हणायचं.

पुढच्या साली कारभाऱ्यांनी नवी कोठी बांधवली. पडवीतून फळं जातात अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. येता-जाता हात मारणारे वाड्यात बरेच होते. नवी कोठी काळ्या दगडाची होती, एक दार, खिडकी एकही नाही आणि कुलूप मुठीएवढं. किल्ली कारभाऱ्यांच्या कमरेला. मी भीत भीत म्हणालो, "अंजिरांना जरा हवा लागते."

"का? ती काय पर्वतीवर फिरायला निघाली आहेत?"

बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

त्या चैत्रात बाईसाहेबांनी गौरीचं हळदीकुंकू मोठं करायचं ठरवलं. श्रीमंत पेशव्यांच्या वाड्यातल्या बायका येणार होत्या. त्याच्या आदल्या साली शेजारच्या सरदारांकडे कलिंगडांची कमळं कापून आरास केली होती आणि पुण्यात महिनाभर तिचीच चर्चा चालली होती. बाईसाहेबांच्या मनानं ते घेतलं होतं. गौरीपुढे चांदीच्या परातीत अंजिरांचा कळस रचायचा असं त्यांनी सांगितलं. म्हणजे चार दिवसांची तोड एकत्र साठवायला हवी होती.

पहिल्या दोन दिवसांची फळं आली, तेव्हा बाईसाहेब स्वतः मागच्या चौकात आल्या. पाट्यांकडे बघून म्हणाल्या, "कुणाकुणाच्या हातची असतात. धुऊन घेतल्याशिवाय गौरीपुढे नकोत."

मी मान वर न करता म्हणालो, "आदल्या दिवशी धुतली तर टिकत नाहीत, असं माळीण म्हणते."

बाईसाहेब काही बोलायच्या आत कारभारी म्हणाले, "माळीण म्हणते? मग कारभारही तिलाच देऊन टाकू. आम्ही जातो अंजिरं तोडायला."

मी बाजूला सरकलो. वाड्यात राबणाऱ्या कुळंबिणींनी हंड्याहंड्यांनी पाणी ओतून अंजिरं धुतली. तशीच निथळती ती तीन तांब्याच्या घंगाळांत काठोकाठ भरली आणि नव्या कोठीत नेऊन ठेवली. कोठीत आधीपासून कोकणातल्या पहिल्या आंब्यांची अढी लावलेली होती. गवतात दाबून ठेवलेले आंबे पिकायला लागले की त्यांची ऊब हाताला लागते. दार उघडताच ती तोंडावर आली. मी घंगाळांवर ताटं झाकली, कारण तशी आज्ञा होती. कारभाऱ्यांनी कुलूप घातलं.

तिसऱ्या दिवशी माळीण पाटी घेऊन आली. पडवी रिकामी बघून तिनं विचारलं, आणि मी तिला नव्या कोठीकडे नेलं. दाराशी ती उभी राहिली. फटीला नाक लावलं.

"दादा, आत पानी गेलंय."

मी नजर कुलपाकडे वळवली.

"धुतलीत व्हय? झाकलीत बी?" तिचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "आत्ता उगडा. पसरा सुपांवर, फडक्यानं टिपून घ्या. अजून निम्मी वाचतील."

"किल्ली माझ्यापाशी नाही."

"मंग मागून आना की. मी थांबते."

मी सदरेवर गेलो. कारभारी कुणा सावकाराशी बोलत बसले होते. मी खांबाशी उभा राहिलो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, भुवई उंचावली, पुन्हा बोलू लागले. मी उभाच. पुन्हा माळिणीचं नाव काढलं तर ते काय म्हणतील आणि लोक कसे हसतील, हे मला तिथूनच ऐकू येत होतं. थोड्या वेळानं मी परत फिरलो.

"सांगितलं त्यांना. बघतो म्हणाले," मी तिला म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नवी पाटी जुन्या पडवीतच ठेवून निघून गेली.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी कोठी उघडली. वास पुरेसा होता, तरी मी ताटं उचलली. वरचा थर वरवर बरा दिसत होता. त्याखाली हात घातला तर बोटं थेट आत गेली. खालच्या फळांचा फेसाळ लगदा झाला होता आणि मध्ये मध्ये पांढऱ्या बुऱ्याचे पुंजके होते. मी कारभाऱ्यांना दाखवलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "वरची वरची काढा, पुसा. खाली केळीचे गाभे रचा आणि वरून अंजिरं लावा. दिसायला कळस झाला म्हणजे झालं. पडवीतली पाटी आहे ना, ती दर्शनी बाजूला लावा."

कळस छान दिसला. बायका आल्या, नाकात नथी, अंगावर शालू. आंब्याची डाळ आणि पन्हं झालं. मी दाराआड, लागेल ते पुरवायला उभा होतो. श्रीमंतांकडून आलेल्या एका वयस्क बाईंनी हौसेनं हात लांबवून कळसाच्या मागल्या अंगाचं एक अंजीर उचललं. दाताखाली धरलं आणि तसंच बाहेर काढून पानावर ठेवलं. पदरानं ओठ टिपले.

"अगबाई, दारू काढलीत होय अंजिरांची? आधी कळवायचं, आमच्याकडचे जावई पाठवले असते."

सगळ्या हसल्या. बाईसाहेबही हसल्या, पण कुंकवाची कोयरी हातात घेऊन पुढच्या बाईला कुंकू लावायचं त्या विसरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदरेवर चौकशी बसली. बाईसाहेब बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. कारभारी लोडाला टेकून. मी समोर कागद आणि दौत घेऊन, कारण जबानी लिहायची होती, आणि माझं अक्षर चांगलं होतं. माळिणीला सकाळी बाग सोडून बोलावून आणलं होतं. तिच्या हाताला अंजिराच्या देठाचा चीक तसाच होता. एक बिघडलेलं फळ तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उचललं, उलटं केलं आणि ठेवून दिलं.

"ह्ये धुतल्यालं हाय. धुऊन झाकून ठेवल्यालं. मी आनलं तवा कोरडं व्हतं."

"म्हणजे आम्ही नासवलं?" कारभारी म्हणाले.

"म्या कुनाचं नाव घेतलं न्हाई. पानी लागलंय, यवडंच म्हनते. मी आदीच सांगितलं व्हतं दादांना. इचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. कारभाऱ्यांनी सावकाश विचारलं, "काय हो? माल आला तेव्हा कसा होता?"

त्या वेळी मी काय विचार करत होतो, हे मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला विचारत आलो. घरी तान्हं मूल होतं, आई होती, वडिलांची जागा होती. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी ह्यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. समोरचा माणूस माझ्यावर नाराज होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

"बारकाईनं पाहिला नव्हता," मी म्हणालो.

"लिहा मग." ते माझ्याकडे वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "माल शिळा व कालचा मिसळलेला आणला, हे माळिणीस मान्य."

मी लिहिलं. तेव्हा माझा हात थरथरला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं. पण अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. मग निशाणीसाठी कागद तिच्यापुढे सरकवला. बायकांची निशाणी म्हणून शेवटी बांगडीची खूण करत. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, मी बोलले त्येच लिवलंय न्हवं?"

"होय," मी म्हणालो.

तिनं हातातली बांगडी शाईत टेकवली आणि कागदावर उठवली.

आठ दिवसांत बाग काढून घेतली. तीन पिढ्यांचं खोपट सोडून, खाटेसकट नवऱ्याला उचलून ते लोक गावाबाहेर कुणाच्या तरी गोठ्यात राहायला गेले, असं कानावर आलं. बाग कारभाऱ्यांच्या माहितीतल्या एकाला मिळाली. ती आधीपासून त्यालाच द्यायची होती की काय, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या हंगामात मी हळूच अंजिरं पडवीत ठेवायला लागलो. त्या जागेला नवं दार करावं आणि तेवढ्याला कुलूप असावं, ही कल्पना कारभाऱ्यांना स्वतःला सुचली आहे असं वाटेल अशा बेतानं मी ती त्यांच्या तोंडून वदवली. सुपं, पानं, एकच थर, रोज सकाळी निवड. अंजिरं चार-चार दिवस टिकू लागली. सरदार परत आले तेव्हा त्यांनी ताटातलं फळ चाखून विचारलं, "हे कुणाचं काम?" आणि कारभाऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दसऱ्याला मला शेला मिळाला. पुढे इतर वाड्यांतून लोक विचारायला येत, अंजीर कसं ठेवावं म्हणून. मी सांगत असे. पायाला गार लागणारी जागा शोधा, असंही सांगत असे. हे कुणाकडून शिकलात, असं मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

बायकोनं मात्र विचारलं होतं. "त्या बाई आता अंजिरं देत नाहीत?"

"थकल्या त्या. येत नाहीत हल्ली."

सहा-सात वर्षं गेली. बागेचं उत्पन्न घटलं म्हणून पाहणीला मला कात्रजला धाडलं. बाग ओळखू येईना. छाटणी नाही, खोडांना भोकं पडलेली, पाटात गवत. परतताना गावाबाहेर एका ओढ्याकाठी माळीण दिसली. गवताचा भारा बांधत होती. मी घोड्यावरून उतरलो. तिनं मला लगेच ओळखलं.

"नवरा बरा आहे?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

"त्याच पावसाळ्यात गेला. गोठ्यात ओल व्हती, दम्याला सोसली न्हाई."

मी घोड्याचा लगाम सोडून तिच्याजवळ गेलो. मग म्हणालो, "मावशी, माझं चुकलं."

तिनं भाऱ्याची गाठ आवळली.

"तुमचं चुकलं न्हाई, दादा. ज्याचं चुकतं त्यो गडबडतो, आडखळतो. तुमी नीट मांडी घालून लिवलं." तिनं भारा उचलायला हात घातला. मी पुढे झालो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सवय हाय."

"काही करता येईल का मला? बागेचं मी बोलून बघतो—"

"झाडं मेली त्यातली निम्मी. आता बोलून काय? जावा, ऊन चढतंय."

मी नोकरी सोडली नाही. सोडली असती तर ही हकीकत सांगायला सोपी झाली असती. कारभारी मानानं म्हातारे झाले, मानानं गेले, आणि त्यांच्यामागे त्यांच्या जागेची अर्धी कामं माझ्याकडे आली.

कात्रजहून आलो त्या दिवशी मात्र मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"बांगडी उठवली तेव्हा तुम्ही होय म्हणालात?"

"हो."

तिनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला उद्या तिकडे पोचवा."

मी गाडी जुंपून तिला कात्रजपर्यंत नेलं. तिथून पुढे माझ्याबरोबर येऊ नका, असं तिनं सांगितलं होतं. म्हणून मी कात्रजच्या वेशीशी चिंचेखाली बसून राहिलो. ती एक लुगडं आणि घरच्या तुपाची बरणी घेऊन गेली. दोन-अडीच तासांनी परत आली. तूप ठेवून घेतलं होतं, लुगडं परत पाठवलं होतं. घराशी आल्यावर मी विचारलं, "कशा आहेत?"

"लेकीजवळ राहतात. दोन नातवंडं आहेत. अंगणात भाजी लावली आहे."

"माझं काही निघालं?"

"नाही," ती म्हणाली आणि पाय धुवायला मागीलदारी गेली.